दुरून हरीण टिपायचं तर: खानापूरचं जंगल आणि पूर्वेचं माळरान यांसाठी कॅमेऱ्याची जुळणी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार बंद आहे. त्यामुळे लांबून नेम धरायचा तो कॅमेऱ्यानेच. कामाचं स्वरूप मात्र फारसं बदलत नाही. अंतर ओळखणं, टेकू भक्कम ठेवणं, सामान घरी तपासून नेणं हे सगळं इथेही आहे. इथेही बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात: सगळा पैसा लेन्सच्या मिलिमीटरमध्ये (लांबीत) घालतात, आणि उजेड व टेकू यांचा विचार फोटो हलल्यावर करतात.

आधी ठरवा, कुठे जाणार. बेळगावच्या आजूबाजूला दोन अगदी वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला खानापूर तालुका, जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा आणि २०११ साली अभयारण्य झालेलं भीमगड. तिथे भेकर, सांबर, चितळ आणि नशीब असेल तर पिसोरी (माऊस डियर). झाडी इतकी दाट की जनावर दिसतं तेच वीस ते चाळीस मीटरवर. दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पातही बऱ्याच ठिकाणी हीच गत. पूर्वेला चित्र उलटं. बागलकोट जिल्ह्यातल्या यडहळ्ळीला चिंकारा आणि हावेरीतल्या राणेबेन्नूरला काळवीट. तिथे माळ उघडा, उजेड भरपूर आणि अंतर दीडशे-दोनशे मीटर. या दोन्हींना एकच लेन्स उत्तम असं कुणी सांगत असेल तर त्याने यातला एकच मुलूख पाहिला आहे.

लेन्स किती लांबीची लागेल याचा हिशेब सोपा आहे. अंतर (मीटर) गुणिले सेन्सरची, म्हणजे बॉडीतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीची, रुंदी (मिलिमीटर) भागिले लेन्सची लांबी (मिलिमीटर). उत्तर येतं ते फ्रेममध्ये मावणाऱ्या रुंदीचं, मीटरमध्ये. मोठा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, त्याहून लहान एपीएस-सी साधारण २३.५ (कॅननचा २२.३). म्हणजे फुल फ्रेमवर ६०० मिमी लावून दोनशे मीटरवरचा चिंकारा पाहिला तर फ्रेम १२ मीटर रुंद. चिंकाऱ्याचं अंग जेमतेम एक मीटर. २४ मेगापिक्सेलच्या, ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला आले ५०० पिक्सेल. मोबाईलवर पाठवायला ठीक, भिंतीवर लावायला नाही. तीच लेन्स एपीएस-सी बॉडीवर लावली की फ्रेम ७.८ मीटरची होते आणि पिक्सेल साडेसातशेच्या पुढे जातात. माळरानासाठी एपीएस-सी बॉडी आणि १५०-६०० किंवा २००-६०० झूम ही जोडी म्हणूनच पैशाला जागते.

आता हेच गणित जंगलात करा. चाळीस मीटरवर भेकर, फुल फ्रेमवर ४०० मिमी: फ्रेम ३.६ मीटर रुंद. भेकराचं अंग एक मीटरच्या आसपास, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त फ्रेम भरली. याहून लांब लेन्सची गरजच नाही. गरज आहे ती उजेडाची. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) मोठं आणि उजेड जास्त. आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटो खरबरीत होतो. सकाळी पावणेसातला झाडीखाली एफ ६.३ वर, १/२५० सेकंदाला आयएसओ ६४०० सहज लागतो. तिथेच एफ ४ ची लेन्स असेल तर २५०० वर काम भागतं. हा फरक भेकराच्या तांबूस केसांत दिसतो. ६४०० ला केस चिखलासारखे एकजीव होतात, २५०० ला सुटे राहतात. जंगलापुरतंच बोलायचं तर जुनी, वापरलेली ३०० मिमी एफ ४ एपीएस-सी बॉडीवर लावावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वजन कमी, उजेड जास्त, आणि चाळीस मीटरला फ्रेम सुमारे ३.१ मीटरची.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून लांबी वाढवणाऱ्या जोडलेन्सचा, मोह आवरा. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप (म्हणजे निम्मा) उजेड जातो, दोन पटीचा लावला की दोन. १.४ ने एफ ६.३ ची लेन्स एफ ९ होते, आणि बऱ्याच जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडी एफ ८ च्या पुढे ऑटोफोकस धरत नाहीत. माळावर भर उजेडात एफ ४ लेन्सच्या मागे १.४ चालतो. बाकी ठिकाणी नको.

वापरलेली लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून लावून पुढून तिरक्या नजरेने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, ठेवून द्या. आतले चार-दोन धुळीचे कण मनावर घेऊ नका, त्यांनी फोटो बिघडत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं) घट्ट करून लेन्स हलवून पाहा. तिथे खुळखुळ असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

टेकूवर जरा थांबू, कारण स्पष्ट न येणाऱ्या फोटोंपैकी निम्म्यांचं कारण इथेच असतं. जीप, कुंपणाची भिंत, दगड, कशावरही चालणारा सगळ्यांत स्वस्त टेकू म्हणजे बीनबॅग. जुन्या जीन्सचा पाय ३० सेंटीमीटर कापा, एक तोंड दुहेरी शिवा. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात दोन ते सव्वादोन किलो जोंधळे भरा, पिशवीचं तोंड बांधा आणि कापडाला चेन लावा. पाऊणच भरा. गच्च भरली तर लेन्स वरून घरंगळते, पाऊण भरली तर दाणे दोन्ही बाजूंना सरकून लेन्सला कुशीत घेतात. तांदळाला पोरकिडे लवकर लागतात, मक्याचे दाणे मोठे असल्याने नीट बसत नाहीत. प्लास्टिकची पिशवी टाळू नका: दाणे भिजले की फुगतात, दोन दिवसांत आंबूस वास येतो. शिवण पक्की हवी हे वेगळ्याच कारणासाठी. जंगलात धान्य सांडणं म्हणजे जनावराला रस्त्यावर बोलावणं.

ट्रायपॉड घेताना बॉडी आणि लेन्स मिळून जे वजन होतं (या झूमना साधारण तीन किलो) त्याच्या तिप्पट क्षमता लिहिलेला घ्या. मधला दांडा वर काढू नका. उंची कमी पडली तर गुडघ्यावर बसा. ट्रायपॉडच्या साध्या बॉलहेडवर (गोळ्यावर फिरणाऱ्या माथ्यावर) जड लेन्स घट्ट केल्यानंतरही नाक खाली टाकते. गिंबल हेडवर ती तोलून बसते आणि एका बोटाने फिरते. लेन्सच्या पायाला लांब प्लेट दोन स्क्रूंनी बसवा. एका स्क्रूवर ती गोल फिरते. खानापूर-हेम्मडगा रस्त्यावर दुचाकीने गेलात तर पोचल्यावर पहिलं काम स्क्रू तपासण्याचं, हादऱ्यांनी ते हमखास सैल होतात. कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवू नका, वाऱ्यात तो फडफडला की ६०० मिमीला तेवढाही धक्का पुरतो.

निघण्याआधी घरी एक चाचणी करा. तीस मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. सकाळी लवकर, बीनबॅगवरून, १/१०००, १/५००, १/२५० आणि १/१२५ या प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो घ्या. संगणकावर शंभर टक्के मोठे करून बातम्यांच्या छोट्या मथळ्यांची अक्षरं वाचता येतात का बघा. दहापैकी आठ जिथे वाचता येतात तो तुमचा खालचा वेग. पुस्तकात लिहिलेला आकडा विसरा, हा तुमच्या हाताचा आहे. सगळेच फोटो सारखे धूसर आले आणि बॉडी डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून) फोकस करून पुन्हा घ्या. तो स्पष्ट आला तर ऑटोफोकस पुढे-मागे पडतोय. मेन्यूतल्या फाइन ट्यूनने एकेक घर सरकवत जुळवा. मिररलेसला (आरसा नसलेल्या बॉडीला) हा त्रास सहसा नसतो.

तीच चाचणी दुपारी बारा वाजता शंभर मीटरवर उघड्या रानात करा, म्हणजे उन्हाची झळ काय करते ते कळेल. तापलेल्या काळ्या मातीवरून हवा थरथरते, मोठ्या मथळ्याची अक्षरंही पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात. यावर कुठल्याही किमतीची लेन्स उपाय नाही. माळावर सकाळी नऊच्या आत आणि सूर्य कलल्यावरच काम करा, नाहीतर जवळ येईपर्यंत थांबा. जीपच्या गरम बॉनेटवरून फोटो घेतला तरी हेच होतं. जीपमध्ये इंजिन बंद करायला सांगा, शेजारच्यांना हलू नका म्हणा.

सेटिंग मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. उभ्या जनावराला चाचणीत ठरलेला वेग, पण कान हलवत चरत असेल तर १/५०० च्या खाली नको, पळत्याला १/१६००. फोकस एकाच बारीक बिंदूवर ठेवा, मोठा पट्टा दिला की कॅमेरा समोरचं पान धरतो. फुल फ्रेमवर ६०० मिमी, एफ ६.३ आणि तीस मीटर या हिशेबात स्पष्ट येणारी खोली एक मीटरहून थोडी कमीच असते, म्हणून बिंदू डोळ्यावरच. सावलीतलं काळपट सांबर कॅमेरा उगाच उजळ करतो, तेव्हा उजेड पाऊण स्टॉप कमी करा. काळविटाच्या पांढऱ्या पोटाला उन्हात तेवढंच. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या.

चितळाने मान वर करून पाय आपटला किंवा भेकर भुंकलं, की पुढे सरकणं थांबवा. रात्री टॉर्चचा झोत, ड्रोन, आमिष यांतलं काहीही नको. वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात शिरू नका, आणि गेटवर कॅमेऱ्याचं शुल्क आधीच विचारून घ्या.

राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर खानापुरात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, आणि लेन्सवर बुरशी धरते ती याच दिवसांत. कातडी किंवा कापडी केसमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. फार कोरडं केलं तर आतलं वंगण सुकू शकतं. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशाला दोन तास तापवून, गार करून परत घाला. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्स अर्धा तास पिशवीतच राहू द्या. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून फोकस आणि झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, आणि टॉर्चने आत एकदा बघून परत डब्यात ठेवा.