पावसाआधी यार्डाची तयारी, आणि खड्ड्यात पाणी भरा

अक्षय्य तृतीया झाली की कामाला लागायचं. मृगाची वाट बघायची नाही. २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत उतरला. पनवेलच्या अलीकडचं आमचं गाड्या तोडायचं यार्ड त्या दिवशी निम्मं उघडं होतं. तरी लाज त्याची वाटली नाही; लाज वाटली ती तेल अडवायच्या खड्ड्याची. ते पुढे सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

ताडपत्र्या, पत्रे, तुंबलेली गटारं याबद्दल सांगायला लागू नये.

गाडी आधी कोरडी करायची, म्हणजे आतलं सगळं तेल-पाणी काढायचं, मग गॅस कटर. इंजिन चालू होत असेल तर पाच मिनिटं चालवा, गरम तेल नीट उतरतं. गिअरचं तेल काढतात, डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांच्या आसातल्या गिअरचं, विसरतात. काळं तेल (इंजिनातलं वापरलेलं), ब्रेक ऑइल, कूलंट, डिझेल, पेट्रोल यांची पिंपं वेगवेगळी हवीत. सगळं एकात ओतलंत की ते घ्यायला कोणी तयार होत नाही. कूलंटवर विशेष डोळा ठेवा. ते तेलासारखं तरंगत नाही, पाण्यात विरघळतं. ब्रेक ऑइलचंही तेच. एकदा सांडलं की कुठलाच खड्डा ते अडवत नाही. शिवाय कूलंट चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. हे सगळं सिमेंटच्या कोब्यावर, शेडखाली करायचं, कच्च्या जमिनीवर नाही.

बॅटऱ्या छपराखाली, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. चेंबर (खालची तेलाची टाकी) काढलेलं इंजिन उलटं करून उघड्यावर ठेवू नका. त्याची वाटी होते: पाणी खाली बसतं, तेल वर येतं आणि काठावरून आधी तेलच जातं.

आता खड्डा. तेल अडवायचा खड्डा म्हणजे मध्ये एक भिंत आणि तिच्या तळाशी फट. तेल भिंतीच्या अलीकडे तरंगत राहतं, खालचं पाणी फटीतून पलीकडे जातं आणि तिथून वरच्या पाइपाने नाल्यात. हे सगळं चालतं ते फट पाण्याखाली असेल तरच. मी काय केलं? एप्रिलमध्ये खड्डा उपसला, गाळ काढला, घासून लख्ख केला आणि तसाच कोरडा ठेवला. पहिल्या पावसाचं पाणी वर्षातलं सगळ्यात घाण, आठ महिन्यांचं कोब्यावरचं तेल घेऊन येणारं. ते फटीखालून सरळ पलीकडे गेलं आणि खड्डा भरल्यावर पाइपातून बाहेर. नाल्यापलीकडच्या काकांनी भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, केलेली होती. ते ओंजळीत पाणी घेऊन आले, त्यावर इंद्रधनुष्य. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून, खड्डा उपसलात की त्याच दिवशी पाण्याने भरा. मे महिन्यात टँकर मागवून खड्ड्यात ओततोय म्हणून पोरं हसतील, हसू द्या. उन्हाने पाणी आटतं, तेव्हा दर चार दिवसांनी बघा आणि फट बुडेपर्यंत पुन्हा भरा. घरी विहीर आटली तरी चालेल, हा खड्डा आटता कामा नये.

शेडच्या पन्हाळीचं पाणी कोब्यावर येऊ देऊ नका, बाहेरून वळवा. ते स्वच्छ असतं, पण खड्ड्यात आलं तर इतक्या जोरात येतं की तेलाला वर यायला वेळच मिळत नाही. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, झाडून पोत्यात भरा. साबणाने धुऊ नका. साबणाने तेल फुटून पाण्यात मिसळतं, मग खड्डा नुसता नावाला. आणि धुताना "पाणी घातलंच की खड्ड्यात" असं म्हणू नका; ते भरणं नव्हे.

पिंपांभोवती बांध घाला, सगळ्यात मोठं पिंप फुटलं तरी आत मावेल एवढा. बांधातलं पाणी सोडायचा व्हॉल्व एरवी बंद. काळं तेल नोंदणीकृत रीसायकलरलाच द्या आणि कागद जपून ठेवा. नियमाने ते नव्वद दिवसांच्या वर साठवता येत नाही. मे महिन्यातच द्या, जूनमध्ये चिखलात ट्रक आत येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून मोडीतल्या गाड्यांचे नवे नियमही लागू आहेत, ती फाइल वेगळी करा.

पाऊस सुरू झाल्यावर रोज सकाळी पाइपाच्या तोंडाशी चकाकी दिसते का बघा. वरचं तेल आठवड्याला काढा. गाळ पिंपात, नाल्याकडेला नाही. भुसा संपतो, आणून ठेवा. बाकी दिसेल तसं.

आणि आज संध्याकाळी घरी जायच्या आधी खड्ड्यात काठी बुडवून बघा. कोरडी निघाली तर पाणी भरा.