बायबलवरच्या प्रश्नाला उत्तर देताना

इंदूरला नाताळचा गोठा पाहायला आलेले शेजारी हमखास विचारतात, ‘देखाव्यातले हे तीन राजे कुठून आले?’ लगेच उत्तर देऊ नका, आधी बायबलातला उतारा काढा: मत्तय 2:1-12, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) दुसरा अध्याय, ओवी 1 ते 12. तिथे पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक आहेत. ते राजे होते असं लिहिलेलं नाही, किती जण होते तेही नाही. भेटी मात्र तीन, सोनं, ऊद आणि गंधरस; आकडा त्यावरून आला. मग दुसऱ्या शुभवर्तमानाशी ताडून पाहा. लूक 2 मध्ये मेंढपाळ गव्हाणीपाशी येतात, मत्तयात मागी घरात शिरतात. गोठ्याच्या देखाव्यात दोन्ही एकत्र होतात, म्हणून गोंधळ. शास्त्रात काय आहे आणि परंपरेतून काय आलं, हे वेगवेगळं सांगा.

संदर्भ तोंडी देताना समोरच्याकडे हिंदी बायबल असेल हे धरूनच चाला. आपल्या मराठी बायबलातलं स्तोत्रसंहिता त्याच्याकडे ‘भजन संहिता’ असतं.

कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये 66. नव्या करारातली 27 दोघांची सारखीच. फरक सगळा जुन्या करारात.

त्रैक्याचा, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती कशा, हा प्रश्न खरा अवघड. पाणी-बर्फ-वाफ हा दाखला टाळाच. त्यातून एकच व्यक्ती तीन रूपं घेते असा अर्थ निघतो, आणि नेमकं तेच मत चर्चने फार पूर्वी नाकारलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, देव एकच, एवढं म्हणून मत्तय 28:19 दाखवा. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात नाही, हेही न विचारता सांगून टाका.