घोडा ऐकत नाही? आधी या चुका टाळा

"घोडा फार हट्टी आहे हो," असं सांगत येणाऱ्या बहुतेकांच्या हातात बागडोर, म्हणजे घोडा धरून न्यायची दोरी, तारेसारखी ताणलेली असते. समोर उभं राहायचं, डोळ्यांत डोळे घालायचे आणि खेचायचं. चारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच! हरणार कोण, वेगळं सांगायला नको.

मीही हरलोय. सारंगखेड्याच्या यात्रेतून पहिली घोडी घेतली, मारवाडी, अडीच वर्षांची. टेम्पोच्या फळीपाशी येऊन ती थांबली. मी पुढून ओढतोय, दोघं मागून काठी आपटतायत. तिनं मान वर टाकली, हिसका दिला नि सुटली. माझ्या तळहाताची सालटी निघाली. दोरी हाताला गुंडाळली होती, तीही चूकच. गुंडाळायची नसते, घडी करून धरायची. बोटं शाबूत राहिली हे नशीब.

शेवटी एका म्हाताऱ्या मोतद्दारानं, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यानं, घोडी धरली. तो तिच्या खांद्यापाशी उभा राहिला, तोंड टेम्पोकडे. दोरीला जरासाच ताण. ती मागे सरकली की तोही ताण तेवढाच ठेवून मागे. तिनं नुसतं अंग पुढे झुकवलं तरी दोरी लगेच सैल, आणि आयाळीच्या मुळाशी खाजवणं. फळीवर एक पाय ठेवला, तर त्यानं तिला स्वतःहून उतरवलं! मी चिडलो. चाळीस मिनिटांनी घोडी आपल्या पायानं आत गेली.

घोडा शिकतो तो ताण सुटतो त्या क्षणी. तो पुढचे पाय उचलून उभा राहिला आणि घाबरून तुम्ही दोरी सोडलीत, तर तुम्ही त्याला उभं राहायलाच शिकवलंत. 'वाईट खोडीचे' निम्मे घोडे असेच तयार होतात.

बाकीचं थोडक्यात. हातानं गूळ भरवू नका, आठवड्यात खिसे चावायला लागतो, टोपलीत टाका. शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याकडून, बोलत बोलत जा. शांत घोडा अचानक दुगाण्या झाडू लागला, तर चाबूक शोधण्याआधी खोगिराखालची पाठ, खूर आणि दात बघा.

आणि ते व्हिडिओ बघून रिंगणात घोडा पळवून दमवणं. वीस मिनिटांत मान खाली घालून मागे येतो, आणि मालक खूश, 'मला नेता मानलं!' अहो, तो दमलाय.

मी खोगीर घालण्याआधी खरारा करतो, म्हणजे ब्रशनं अंग घासतो, रोज, घाई असली तरी. घोडीनं मागचा एक पाय सैल सोडला, खालचा ओठ लोंबू लागला, की मग खोगीर. नाही लोंबला, तर त्या दिवशी चालतच फेरी.