धडक कशी पारखावी? टूरिंग कारच्या वादासाठी पूर्वतयारी

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाडीवरून शर्यतीसाठी बनवलेली गाडी. तिच्या शर्यतीत गाड्या एकमेकींना लागतात, आणि लागायलाही हव्यात. फॉर्म्युला वनची चाकं उघडी असतात. तिथे चाकावर चाक चढलं तर गाडी थेट हवेत जाऊ शकते. टूरिंग कारची चाकं पत्र्याच्या आत असल्यामुळे दाराला दार घासूनही दोघं पुढचं वळण सुखरूप घेतात. म्हणून ‘लागली म्हणजे चूक’ हा हिशेब इथे चालत नाही. ‘टूरिंग कार आहे, चालायचंच’ हाही चालत नाही, कारण चेपलेल्या पत्र्याचं बिल कुणाला तरी भरावं लागतं. या दोन टोकांच्या मधली रेषा कशी शोधायची, ते पुढे सांगितलं आहे.

पुण्यात ही शर्यत बहुधा कुणाच्या तरी हॉलमध्ये चार-सहा जण जमून पाहिली जाते. ब्रिटिश मालिकेच्या रविवारच्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी येतात. ऑक्टोबरातल्या ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीसाठी मात्र पहाटे उठावं लागतं, कारण ती आपल्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. शर्यत चालू असताना निकाल देऊ नका. वेळ आणि वळण तेवढं कागदावर टिपून ठेवा. तपासणी नंतर करायची.

तपासणीची मांडामांड

लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि सर्किटचा नकाशा समोर ठेवा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की एक फ्रेम मागे जातं, पूर्णविरामाची दाबली की एक पुढे. आता थोडा हिशेब. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत गाडी २ मीटर सरकते, म्हणजे साडेचार मीटरची गाडी स्वतःची लांबी पार करायला जेमतेम सव्वादोन फ्रेम घेते. कुणी १० मीटर उशिरा ब्रेक मारला असेल तर तो फरक पाच फ्रेमचा. एवढ्यावरून ‘त्याने बघायला हवं होतं’ म्हणताना जरा थांबावंसं वाटेल.

व्हिडिओ धडकेपासून सुरू करू नका. निम्मे वाद याच चुकीतून होतात. किमान तीन वळणं मागे जा, आणि जमलं तर त्याच जागेवरची आधीची फेरीही पाहा. ब्रिटिश मालिकेच्या १९९२ च्या हंगामातल्या, सिल्व्हरस्टोनवरच्या अखेरच्या शर्यतीत जॉन क्लेलँड आणि स्टीव्ह सोपर धडकून दोघंही बाद झाले आणि सोपरचा साथीदार टिम हार्वी विजेतेपद घेऊन गेला. नुसती शेवटची धडक पाहिली तर आत घुसणारा क्लेलँड दिसतो. थोडं मागे गेलात की आधी सोपरने क्लेलँडला कसं गाठलं, गाड्या कशा लागल्या आणि त्या गडबडीत हार्वी कसा पुढे निघाला, हेही दिसतं. या प्रसंगावर आजही एकमत नाही. पण वाद घालायचा तर पूर्ण चित्रफितीवर घाला.

दुसरा सापळा कॅमेऱ्याचा. बाणेरच्या टेकडीवरून मोबाइल झूम करून हायवे पाहिला तर मागचा ट्रक पुढच्याला चिकटलेला दिसतो, प्रत्यक्षात मध्ये दोन गाड्यांची जागा असते. सरळ रस्त्याच्या टोकाला लावलेला लांब पल्ल्याचा कॅमेरा अगदी हेच करतो. त्याच्या चित्रावरून दोन गाड्या किती शेजारी होत्या हे ठरवता येत नाही. त्यासाठी हेलिकॉप्टरचं किंवा बाजूने घेतलेलं चित्रण शोधा. गाडीच्या आतला कॅमेरा याच्या उलट वागतो: त्याचं भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे पुढची गाडी आहे त्याहून लांब वाटते.

तीन जागा, एक खांब

प्रत्येक वळणाच्या तीन जागा कागदावर मांडा: ब्रेक लागतो ती, स्टीअरिंग वळू लागतं ती, आणि गाडी आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तो एपेक्स. वादाचा निकाल बहुतेकदा दुसऱ्या जागेवर लागतो. पुढच्या गाडीने वळायला सुरुवात केली त्या फ्रेमवर थांबा आणि आतून येणाऱ्याचं पुढचं चाक कुठपर्यंत पोचलं आहे ते पाहा. पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबापर्यंत, म्हणजे बी-पिलरपर्यंत, पोचलं असेल तर त्याला जागा मिळायला हवी. चाक मागच्या चाकाच्याही मागे असेल तर हक्क पुढच्याचा. या दोन्हींच्या मधला पट्टा खरा वादाचा, आणि तिथे सगळा दोष एकाच्या माथी मारू नये. हा खांबाचा अंदाज हाताशी असलेलं माप आहे, नियमपुस्तकातली ओळ नव्हे. प्रत्येक मालिकेची शब्दयोजना वेगळी असते.

यानंतर आतल्या कॅमेऱ्यात ड्रायव्हरचे हात पाहा. ही खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मागून धक्का लागून गाडी फिरली असेल तर आधी धक्का, मग स्टीअरिंग उलटं कापलं जाणं, असा क्रम दिसतो. हात जर धक्क्याच्या दोन-तीन फ्रेम आधीच उलटे फिरले असतील, तर गाडी स्वतःच घसरू लागली होती. मागचा फक्त तिला येऊन लागला. ‘ढकललं’ असं ज्याच्याबद्दल हिरिरीने बोललं जातं, असा एखादा प्रसंग या एका तपासणीत पालटतो.

धक्का गाडीला कुठे लागला यावरही बरंच ठरतं. पीएमपीएमएलची बस करकचून ब्रेक मारते तेव्हा उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागच्या कोपऱ्याला, मागच्या चाकाच्याही मागे, हलकी टिचकी बसली तरी गाडी भोवऱ्यासारखी फिरते. वळणाच्या मध्यावर दाराला दार लागलं तर सहसा दोघंही वाचतात. म्हणजे ‘किती जोरात लागली’ यापेक्षा ‘कुठे आणि कधी लागली’ हा प्रश्न जास्त कामाचा.

पहिल्या फेरीला थोडी सवलत द्या. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागच्या टायरवर ना इंजिनाचा जोर येतो, ना ब्रेकचा फारसा. ते तापायला वेळ लागतो, आणि थंड टायरवर पाय नुसता उचलला तरी मागचा भाग सुटू शकतो. त्यात वीस-बावीस गाड्या एकाच वळणावर दाटतात, पुढचा ब्रेक लावतो आणि ती दाटी मागे मागे वाढत जाते. सातवा सहाव्याला लागला तर त्याचं मूळ कधीकधी तिसऱ्याच्या ब्रेकमध्ये असतं.

बचाव करणाऱ्यालाही नियम आहेत. एफआयए या मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेनुसार जागा राखण्यासाठी दिशा एकदाच बदलता येते. आत सरकून परत बाहेरच्या रेषेवर येताना कडेला निदान एका गाडीची रुंदी मोकळी ठेवावी लागते. शेजारच्याला मुद्दाम रस्त्याबाहेर रेटणं चालत नाही. पुढच्याने मुद्दाम लवकर ब्रेक मारला असा संशय असेल तर त्याच्या मागच्या फेरीत ब्रेकचे दिवे कुठे पेटले ते पाहा. कडेचा फलक किंवा रंगवलेला कर्ब खूण म्हणून पुरतो. दिवे त्याच जागी पेटले असतील तर संशय सोडून द्या.

हेतू आणि परिणाम वेगळे ठेवा

‘मुद्दाम केलं’ हे वाक्य पुरावा असल्याशिवाय उच्चारू नये. पुरावा कसा असतो ते डीटीएम या जर्मन मालिकेने २०१५ मध्ये ऑस्ट्रियात दाखवलं. ऑडीचे प्रमुख वोल्फगांग उलरिख यांचा आवाज रेडिओवर आला, ‘टिमो, त्याला बाहेर ढकल’. लगोलग टिमो शायडरच्या गाडीने रॉबर्ट विकेन्स आणि पास्कल वेरलाइन यांना रस्त्याकडेच्या खडीत घातलं. शायडर अपात्र ठरला, ऑडीला २ लाख युरो दंड झाला. इतकं स्पष्ट क्वचितच मिळतं. एरवी ‘बेपर्वाई’ हाच शब्द वापरा, तो पुरेसा कडक आहे.

परिणामाचंही तसंच. २०१६ च्या बाथर्स्टमध्ये जेमी व्हिंकप द चेस या वळणावर स्कॉट मॅक्लॉफ्लिनला लागला. मॅक्लॉफ्लिन गवतात गेला. जागा परत द्यायला व्हिंकपने वेग कमी केला आणि त्या गोंधळात मॅक्लॉफ्लिन आणि गार्थ टँडर एकमेकांना धडकले. व्हिंकपने रेषा पहिली ओलांडली, पण १५ सेकंदांच्या शिक्षेमुळे शर्यत विल डेव्हिसन आणि जोनाथन वेब यांची झाली. वाद घालताना इथे तीन प्रश्न सुटे करा: पहिला स्पर्श चूक होता का, जागा परत देण्याची पद्धत योग्य होती का, आणि नंतरच्या धडकेत कुणाचा किती वाटा. तिन्हींना एकच उत्तर लावलं की भांडण रात्रभर चालतं.

शिक्षेबद्दल आमचं मत ठाम आहे. सगळ्यांत चांगली शिक्षा म्हणजे त्याच शर्यतीत, दोन-तीन फेऱ्यांच्या आत, सुरक्षित सरळ रस्त्यावर जागा परत करणं. ज्याचं नुकसान झालं त्याला काहीतरी हाती लागतं. शर्यत संपल्यावर जोडलेले सेकंद निकाल बदलतात, पण खडीत अडकलेल्याला काहीच मिळत नाही, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक चुकीचा विजेता पाहून घरी जातो.

भविष्याचा वाद याच मुद्द्यावर येतो

‘टूरिंग कार संपली’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठली? डीटीएम २०२१ पासून जीटी३ या गटातल्या स्पोर्ट्स कारवर धावते. जागतिक मालिका २०१८ मध्ये टीसीआर नावाच्या स्वस्त नियमांकडे वळली आणि डब्ल्यूटीसीआर या नावाने २०२२ पर्यंत टिकली. जागतिक विद्युत टूरिंग कार मालिका २०२१ मध्ये आली आणि दोन हंगामांत थांबली. ब्रिटिश मालिकेने २०२२ मध्ये हायब्रिड आणलं, २०२५ साठी काढून टाकलं. या सगळ्यांत टिकाऊ काय ठरलं ते पाहा: खासगी संघाला परवडेल अशी गाडी.

इथेच ड्रायव्हरचं वागणं पैशाला भिडतं. नाक चेपलं की त्यामागचा इंटरकूलर आणि रेडिएटर जातो. चाकाला चाक लागलं की टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा, वाकतो, मग सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग तिरकं धरलेलं दिसतं. कंपनीच्या संघाकडे सुटे भाग तयार असतात. खासगी संघ मात्र त्याच दिवशीची पुढची शर्यत गमावतो, आणि असे दोन-तीन शनिवार-रविवार गेले की पुढच्या वर्षी येत नाही. त्यामुळे ‘गाड्या कमी का झाल्या’ या चर्चेत इंजिनाइतकंच स्टुअर्डांच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या, कडकपणाबद्दलही बोला.

आपल्याकडचं उदाहरण हाताशी आहे. फोक्सवॅगनची पोलो चाकणच्या कारखान्यात बनायची आणि तिच्यावर २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला. सगळ्यांना एकसारखी गाडी असल्यामुळे पुढे जायला शेवटी ब्रेकची जागाच उरायची. पोलोचं भारतातलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. आता रस्त्यावर एसयूव्ही वाढल्या आहेत, आणि उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने ती शर्यतीला मुळातच गैरसोयीची. लोक विकत घेतात ती गाडी आणि शर्यतीला योग्य गाडी यांतलं हे अंतर कसं भरायचं, यावर वाद घाला. तो विद्युत की पेट्रोल या वादापेक्षा जास्त फलदायी आहे.

प्रत्यक्ष पाहायचं तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं ३.७१७ किलोमीटरचं सर्किट गाठा. तिथे राष्ट्रीय मालिकेत इंडियन टूरिंग कार धावतात. सरळ रस्ता संपून ब्रेक लागतात ती जागा जिथून बाजूने दिसेल तिथे बसा, अंतिम रेषेसमोर नको. मोबाइल सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवा म्हणजे ताशी १८० च्या वेगात गाड्या एका फ्रेमला सुमारे ८३ सेंटिमीटरच सरकतील. झूम करू नका. आणि पहिल्या फेरीपासून प्रत्येक फेरीचं तेच वळण टिपा, कारण धडक झाल्यावर लागणारी आधीची फेरी पुन्हा टिपता येत नाही.