आधी बाळंतिणीचं ताट वाढा

थोरल्या लेकीच्या बाळंतपणात माझं चुकलं. सव्वा महिना तिला डिंकाचे लाडू, तूप-भात आणि साध्या वरणावर ठेवलं. पालेभाजी बंद, फळं बंद, पाणीसुद्धा मोजून. तिचं पोट साफ होईना, उठलं की चक्कर. दूध कमी पडतंय असं वाटलं की मी आणखी एक लाडू पुढं करायचे. धाकटीच्या वेळी सगळं बदललं. आता कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाची लेक माहेरी आली, की तिच्या आईला मी हेच सांगते.

बाळ रडतंय म्हणून बाळंतीण सगळ्यांच्या मागनं जेवते, तेही गार. तसं होऊ देऊ नका. तिचं ताट आधी वाढा आणि ती जेवेपर्यंत बाळ तुम्ही घ्या. पहिले सहा महिने तिला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण दोन भाकरी, वाटीभर घट्ट डाळ आणि पेलाभर दूध. एका दमात जात नाही, दिवसभरात विभागून द्या.

धाकटीची सकाळ अळिवाच्या खिरीनं व्हायची. दोन चमचे अळीव पाण्यात दोन तास भिजवायचे. फुगून बुळबुळीत झाले की दुधात शिजवायचे. गूळ मात्र भांडं खाली उतरवून, जरा निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. अळिवात लोह भरपूर असतं. दुपारी ज्वारीची भाकरी, मूगडाळ घालून शेपू किंवा मेथी आणि वर लिंबू पिळायचं. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभरानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सहा महिने चालू ठेवायची, पण दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत.

रविवारी अळणी. आलं-लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजलं, की तिखट पडायच्या आधीच दोन वाट्या बाजूला काढायच्या. पांढरा रस्साही चालतो. तांबड्याचं म्हणाल तर आईला सोसत असेल तर थोडा खाऊ दे, तिच्या तिखटानं सहसा बाळाचं पोट बिघडत नाही. गंगावेशच्या कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध प्यायची आपली सवय आहे, पण बाळंतिणीला दूध उकळूनच द्या.

आणि हे नीट ऐका, दूध लाडवानं वाढत नाही. बाळ जेवढं ओढेल तेवढं ते येतं. सुरुवातीला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. बाळाचं तोंड मोठं उघडू द्या, नुसतं बोंड नको, भोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. बोंडाला चिरा पडत असतील तर पकड चुकतेय. आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मग शेजारणी काही म्हणोत, वरचं दूध सुरू करू नका. छाती लाल, कडक होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पण पाजणं थांबवू नका.

बंद खोलीत शेगडी, धुरी नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो.

थोरली तेव्हा भिंतीकडं तोंड करून रडायची. मी म्हणायचे, बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं. तिला जवळ घेऊन विचारायला हवं होतं. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतसेवेच्या नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं.

रात्री पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो आणि भूकही कडकडून लागते. धाकटीच्या उशाशी मी पाण्याचा तांब्या आणि स्टीलचा डबा ठेवायचे. त्यात एक लाडू, मूठभर भाजके शेंगदाणे आणि चार खजूर. पाजून झालं की बाळ माझ्या खांद्यावर, ढेकर काढायला. ती तेवढ्यात डबा उघडायची. पहाटे घासायला घेताना तो रिकामाच असायचा.