जुन्या रंगावर नवा रंग देताना: पाण्याचा रंग आणि ऑइलपेंट यांतील फरक कसा ओळखावा

रंग निवडताना बहुतेकांचे लक्ष छटेकडे आणि चकाकीकडे असते. पण दिलेला हात टिकणार की लवकरच त्याचे पोपडे सुटणार, हे ठरते ते रंग पाण्यातला आहे की तेलातला आणि त्याच्याखाली आधीपासून काय आहे यावर.

दोन्हींतला मूळ फरक वाळण्याच्या प्रक्रियेत आहे. पाण्याच्या रंगात, म्हणजे इमल्शनमध्ये, ॲक्रिलिकसारख्या राळेचे सूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांत मिसळून सलग थर होतो. त्यामुळे असा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो आणि साधारण २ ते ४ तासांत दुसरा हात देता येतो. ऑइलपेंटमधील टर्पेंटाइन उडाल्यावर मात्र काम संपत नाही. राळेतील तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावत हळूहळू घट्ट होते, म्हणून दुसऱ्या हातासाठी बहुधा १६ ते २४ तास थांबावे लागते. हीच क्रिया पुढेही मंद गतीने चालू राहते. पांढरा ऑइलपेंट, विशेषतः उजेड न पोहोचणाऱ्या जागी, पिवळा पडतो आणि जुना झाल्यावर ठिसूळ होऊन तडकतो, तो यामुळेच.

प्रथम जुना रंग कोणता आहे ते तपासावे. कोपऱ्यातील थोडी जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि डिनेचर्ड स्पिरिटमध्ये (पिण्यास अयोग्य केलेल्या अल्कोहोलमध्ये) भिजवलेला कापसाचा बोळा तेथे जोर देऊन घासावा. रंग मऊ पडून बोळ्याला लागला तर तो पाण्याचा. काहीच उतरले नाही तर तो बहुधा ऑइलपेंट समजावा.

जुना थर ऑइलपेंटचा असेल आणि वर इमल्शन द्यायचे असेल, तर घाई करू नये. तेलकटपणा धुऊन काढावा, पॉलिशपेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावे, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि दोन्हींना धरून ठेवणारा प्रायमर लावून मगच रंगाकडे वळावे. घासण्याची पायरी कंटाळवाणी असल्याने नेमकी तीच गाळली जाते. फार जुन्या रंगात शिसे असू शकते. तशी शंका असल्यास कोरडे घासणे टाळावे.

नवीन रंग निवडताना भिंती आणि छतासाठी इमल्शनच घ्यावे, असे माझे मत आहे: वास कमी, थर लवचीक. ताज्या सिमेंटच्या गिलाव्यावर तर ऑइलपेंट देऊच नये, कारण गिलाव्यातील अल्कलीमुळे (चुन्यासारख्या दाहक घटकांमुळे) तेलाचा साबण होऊन थर सुटतो. लोखंडी जाळ्या आणि सतत हाताळली जाणारी दारे यांवर ऑइलपेंट आजही चांगला. उघड्या लोखंडावर साधे इमल्शन थेट लावल्यास त्यातील पाण्यानेच गंज चढतो.

इमल्शनसाठी नायलॉनचा ब्रश वापरावा. नैसर्गिक केसांचा ब्रश पाण्याने फुगतो, तो ऑइलपेंटसाठी ठेवावा. पहिला साबणाच्या पाण्याने, तर दुसरा टर्पेंटाइनने धुवावा. ऑइलपेंटने माखलेली फडकी चुरगळून एकत्र टाकू नयेत, कारण वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडून ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.