ओढ्याचा काठ सावरायचा, तर पैसा कसा उभा करावा

आधी मोजणी, मग अर्ज. ढासळलेल्या काठाची लांबी, उंची आणि वर्षाला काठ किती मागे सरकतो ते मोजा. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे दरवर्षी पाण्यात जाणारी माती, घनमीटरमध्ये. अनुदान देणाऱ्याला हाच आकडा पटतो. नुसते फोटो पाहून कोणी पैसे देत नाही.

अंदाजपत्रकात सर्वेक्षण, आराखडा, परवानग्या, यंत्रकाम, पायथ्याचे दगड, काथ्याची जाळी, रोपे आणि तीन वर्षांची देखभाल हे सगळे धरा. वर १५ ते २० टक्के आकस्मिक खर्च. देखभाल हमखास विसरली जाते, आणि पहिल्याच पुरात किंवा उन्हाळ्यात रोपे गेली की काठ पुन्हा उघडा पडतो.

बरीच अनुदाने खर्च झाल्यावर, बिले दाखवल्यावरच मिळतात. कंत्राटदार तोवर थांबत नाही. म्हणून फिरता निधी (आधी वापरायचा आणि अनुदान आले की परत भरायचा पैसा) किंवा अल्पमुदतीचे कर्ज आधीच ठरवून ठेवा.

अनुदानाच्या जोडीला घालायचा स्वतःचा हिस्सा रोखच हवा असे नाही. श्रमदानाचे तास, उसने यंत्र, फुकट मिळालेले दगड हेही अनेक ठिकाणी धरतात. मात्र हजेरीपटावर तारीख, तास, काम आणि सही त्याच दिवशी हवी. मागाहून भरलेला पट लेखापरीक्षणात टिकत नाही. एकच तास दोन अनुदानांत दाखवलात, तर दोन्ही धोक्यात.

ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा आणि त्यातील फॉस्फरस यांची तपासणी काम सुरू होण्याआधीच करून घ्या, पावसाच्या लोंढ्यातही. नंतर तुलनेला काहीच उरत नाही.